न मोजलेला बर्फ

प्रिय फिलो,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. पोस्टातली मुलगी म्हणाली, "क्लेम आजोबा, व्हँकुव्हरचं आहे. जपून उघडा, पाकीट भिजलंय." अक्षर तुझं होतं म्हणून तिथे उघडलं नाही. घरी आणलं, चहा केला, चष्मा शोधला, मग वाचलं. दोनदा वाचलं. त्याला आज सहा दिवस झाले. या सहा दिवसांत मी सरपण फोडलं, मावशीच्या घराचं धुराडं साफ केलं, माशांची जाळी सांधली. लिहायला बसावं लागू नये म्हणून जे जे करता येतं ते सगळं केलं. आज करण्यासारखं काही उरलं नाही.

आधी इथली खबर. डोंगरांवर बर्फ अर्ध्यापर्यंत उतरलाय आणि खालची झुडपं लालभडक झालीत. शेजारच्या पोरांनी तळ्याच्या टोकाला मोठ्या शिंगांचा मूस मारला, त्यातला मांडीचा वाटा मावशीच्या नावानं मला आणून दिला. तुझी आई गेली तरी तिचं घर मी बंद केलेलं नाही. रोज एकदा चूल पेटवतो, नाहीतर भिंती ओल धरतात. खिडकीत तिचा एक मोकासिन, मऊ कातड्याचा जोडा, अजून तसाच आहे, निम्म्या फुलात मणी ओवलेले, सुई टोचलेली. कपाटात तुझी ख्रिसमसची कार्डं सापडली, दोऱ्यानं बांधलेली, अडतीसच्या अडतीस. तिला वाचता येत नव्हतं, माझ्याकडून वाचून घ्यायची. तू दर वर्षी एवढंच लिहायचीस, 'मी बरी आहे. अजून काही तळत नाही.' ते वाचताना मी आवाज कसा सांभाळायचो ते माझं मला माहीत.

आणि वरची हिमनदी पुन्हा फुगलीय. विमानवाला सांगत होता की बर्फ चिखलानं काळा पडलाय आणि जिकडेतिकडे भेगा आहेत. त्यामुळे तो उन्हाळा परत सगळ्यांच्या तोंडी आलाय. दुकानात एका पोरानं, ज्याचा बापसुद्धा तेव्हा जन्मला नव्हता, मला विचारलं, "आजोबा, कोणीतरी बेकन तळलं म्हणून नदी पळाली, हे खरं का हो?" मी पीठ घेतलं आणि उत्तर न देता बाहेर आलो. अडतीस वर्षं मी तेच करत आलोय.

फिलो, आता जे लिहितो त्यातलं बरंचसं तुला ठाऊक आहे. तरी ओळीनं लिहू दे. मधूनच सुरुवात केली तर मी पळवाट काढीन, माझा मला भरवसा नाही.

तुला टॉर्विकसाहेब आठवतात, बर्फाचा अभ्यास करायला यायचे आणि आपल्या घोड्यावर बसले की पाय जवळजवळ जमिनीला टेकायचे ते. आदल्या उन्हाळ्यात त्यांनी हिमनदीवर या काठापासून त्या काठापर्यंत अकरा बांबू एका रेषेत रोवले आणि काठावरच्या खडकावर लाल खूण केली. मी बावीस वर्षांचा होतो. मला त्यांनी हिरव्या पुठ्ठ्याची वही आणि मोजपट्टी दिली. दर पंधरा दिवसांनी वर जायचं, बांबू रेषेपासून किती खाली सरकले ते मोजायचं आणि लिहायचं, एवढंच काम. म्हणाले, "क्लेमेंट, बर्फ नेहमीच थोडाथोडा सरकतो. पण ही नदी वर्षानुवर्षं झोपते आणि मग एकदम पळत सुटते. पळायच्या आधी चुळबुळ करते. ती चुळबुळ मला तुझ्या वहीतून कळेल." मला इतकं मोठं काम कुणी दिलं नव्हतं. वही मी सदऱ्याच्या आत, पोटाशी बांधून न्यायचो. तुझे बाबा, ईनॉककाका, मला बघून टोपी काढायचे, "या या, मोजणीवाले साहेब! आमच्या घराचीही मोजणी करा, उत्तरेची भिंत सरकतेय असं माझी बायको म्हणते." तू दारात उभी राहून खिदळायचीस.

माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो, आणि त्या दिवसापासून मावशीनं मला आणि तुला एका ताटात जेवू घातलं. ते मी विसरलो असं कधी झालं नाही. वर जायची वाट तुमच्या घरामागूनच निघायची. मावशी माझ्या खिशात सुका मासा कोंबायची आणि दर वेळी बजावायची, "बर्फाशी नीट वाग. तिथे मोठ्यानं हसू नकोस, टिंगल करू नकोस. आणि वर काही तळू नकोस, उकडून खा. त्याला चरबीचा वास खपत नाही." हिवाळाभर मी इमानानं गेलो. एक दिवस चढायला, एक दिवस मोजायला, एक उतरायला. वीतभर, कधी दीड वीत, एवढाच बर्फ सरकायचा.

एप्रिलमध्ये मला डोरीन भेटली. हायवेवरच्या, राहायच्या खोल्या असलेल्या खाणावळीत ती चादरी धुवायची. त्या पंधरवड्यात मी वर जाण्याऐवजी हायवेला गेलो. एकच खेप चुकली तर काय बिघडतं, असं मनाशी म्हटलं. तिच्या इस्त्रीच्या टेबलाशी बसून वहीत अकरा बांबूंपुढे अकरा आकडे लिहिले, मागच्यापेक्षा थोडे इकडेतिकडे करून. ती म्हणाली, "काय रे लिहितोस?" मी म्हणालो, "शाळेचा अभ्यास राहिलाय." दोघं हसलो. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला तर मी पानावर बाहेरचा चिखल बोटानं पुसला, वर बसून लिहिल्यासारखं दिसावं म्हणून. निष्काळजीपणा एखाद्या वेळी माफ होईल, फिलो, पण तो चिखल मी विचार करून लावला होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मन खाऊ लागलं म्हणून गेलो. पोचलो नाही. कड्यावर चढलो आणि बंदुकीसारखे आवाज ऐकू आले, एकामागून एक. माझी लाल खूण तिथून दिसायला हवी होती, दिसली नाही. ती बर्फाखाली गेली होती. पुढचा बर्फ भिंतीसारखा उभा राहून बाजूच्या ओढ्याच्या तोंडावर येऊन बसला होता, ओढा बंद झाला होता आणि मागच्या दरीत राखाडी पाणी साठत होतं. किती वेळ पाहिलं ते आठवत नाही. पळत खाली येऊन सांगायला हवं होतं. पण सांगितलं तर पहिला प्रश्न हाच आला असता की हे पंधरा दिवसांत कसं झालं, एप्रिल-मे महिन्यांत वहीत काय लिहिलंयस? म्हणून मी कड्यावर बसलो, वही काढली आणि 'वीतभर' असं लिहिलं. अकरा वेळा.

चार दिवसांनी टॉर्विकसाहेबांचा फोन खाणावळीत आला. "बर्फ कसा आहे?" मी म्हणालो, "नेहमीसारखा." ते म्हणाले, "मग तंबू जुन्याच जागी लावा, मी महिनाअखेर येतो." काका घोडे घेऊन निघाले, स्वयंपाकाला तुला घेतलं आणि मदतीला मी. मी काहीतरी निमित्त काढून थांबलो असतो, पण मला वाटलं बरोबर असलो तर काही झालं तर सांभाळीन. काय सांभाळणार होतो कोण जाणे.

तंबूची जागा उंचवट्यावर होती, खाली नदीचं दगडगोट्यांचं रुंद पात्र. पोचल्या पोचल्या काका पात्राकडे बघत उभे राहिले. तू तेव्हा सामान सोडत होतीस, म्हणून हे बोलणं तू ऐकलं नाहीस. ते फक्त मी ऐकलंय. म्हणाले, "क्लेम, जून महिना आणि नदीला एवढंच पाणी? घोड्याचा गुडघा भिजत नाही." मी म्हणालो, "वर अजून थंडी आहे, काका." मग त्यांनी वर, वळणापर्यंत बर्फाकडे पाहिलं. "मला हा फुगल्यासारखा वाटतो. काळाही पडलाय. माझ्या आजोबांनी एकदा असा पाहिला होता. आपण खाली जंगलात तळ टाकू या." मी घोड्याचं ओझं सोडत राहिलो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू दहा दिवसांपूर्वी मोजलंस ना? तू सांग. सरकलाय?" मी त्यांच्या तोंडाकडे बघून सांगितलं, "जरासुद्धा नाही." ते हसले. "म्हातारा झालो मी. तू मोजलंयस म्हणजे असेलच," असं म्हणून ते खुंट्या ठोकायला गेले. पन्नास वर्षं डोंगर पाहिलेल्या माणसानं स्वतःच्या डोळ्यांपेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला.

सकाळी तू खोके उघडलेस. त्यात दुकानातनं आलेला बेकनचा डबा होता. तो तुझ्या मनानं तू तळला नाहीस, फिलो. काका म्हणाले होते, "फिलो, कालपासून उकडलेलंच खातोय. जरा तळ बघू. आईला सांगू नकोस, ती माझं कातडं सोलून वाळत घालील." तू "बाबा, नको ना" म्हणालीस. ते म्हणाले, "थोडंसंच." त्यांनी पाव तव्यातल्या चरबीत बुडवून खाल्ला, मिशी पुसली आणि म्हणाले की असा नाश्ता लग्नानंतर पहिल्यांदा मिळाला. ही गोष्ट तू कुणालाही सांगितली नाहीस. सारं आपल्या अंगावर घेतलंस, वडिलांवर एवढासाही डाग पडू दिला नाहीस. मी शेजारीच बसून खात होतो. मीही नाही सांगितलं.

दुपारनंतर तीन घोडे पात्रापलीकडे चरत गेले होते, ते आणायला काका उतरले. पुढचं तू पाहिलंस, त्यामुळे कमी लिहितो. आधी जमीन हलल्यासारखं वाटलं. मग वळणावरून त्या साठलेल्या पाण्याची राखाडी भिंत आली, बर्फाचे घराएवढे तुकडे घेऊन. आपण दोघंही ओरडलो. ते पात्राच्या मधोमध होते, तांबड्या घोडीचा दोर हातात. आपला आवाज ऐकून त्यांनी वर आपल्याकडे पाहिलं, नदीकडे पाहिलंच नाही. मला वाटतं त्यांनी हातही हलवला. अजून कधी डोळे मिटले की मी त्यांना सांगतो, इकडे नका बघू.

सहाव्या दिवशी ते खालच्या वाळूत सापडले. पुरल्यानंतर सगळे जेवायला बसले आणि वस्तीतल्या सगळ्यांत थोरल्या थेरेसाआजीनं विचारलं, "वर चरबी कोणी तळली?" तिनं रागानं नव्हतं विचारलं. तिला बर्फाची क्षमा मागायची होती, आणि त्यासाठी नाव लागत होतं. तू उभी राहिलीस. सतरा वर्षांची होतीस, काकांचं जाकीट घातलेलं, बाह्या हातांच्या खाली लोंबत होत्या. म्हणालीस, "मी." कोणी तुला रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. सगळे आपापल्या ताटाकडे बघू लागले. मावशीनं मात्र मान वर केली आणि तुझ्याकडे न बघता माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, रडू आवरतेय.

टॉर्विकसाहेब आले, त्यांनी वही उलटून पालटून पाहिली, म्हणाले, "काही इशारा न देताच पळाली म्हणायची." मी मान डोलावली. सप्टेंबरात तू बसनं दक्षिणेला गेलीस. पेटी मी उचलून ठेवली. तू म्हणालीस, "आईकडे बघ रे क्लेम." मी म्हणालो, "तू काळजी करू नकोस." बस वळेपर्यंत मला वाटत होतं की मी आता ओरडेन, थांबवेन, सगळं सांगेन. बस गेली. नंतर वाटलं पत्रानं कळवू. मग वाटलं तू तिकडे रुळली असशील, जुनी जखम कशाला उघडायची. डोरीनशी लग्न केलं, चार वर्षं टिकलं. जाताना ती म्हणाली, "तुझ्याबरोबर राहणं म्हणजे बंद खोलीबाहेर राहणं." तिचं बरोबर होतं. मावशीकडे मात्र मी पाहिलं. लाकूड, पाणी, मासे, दवाखाना, कशात कमी पडू दिलं नाही. लोक म्हणायचे, पोटचा मुलगा असं करणार नाही. मी ते ऐकून घ्यायचो.

आपले म्हातारे खोटं बोलत होते असं मी म्हणत नाही. बर्फाला ऐकू येतं, हे मी आजही मानतो. पण त्या दिवशी त्यानं काही ऐकलं असेल तर माझं 'जरासुद्धा नाही' ऐकलं असेल. तुझ्या तव्याकडे त्याचं लक्षही गेलं नसेल.

मे महिन्यात मावशी खूप थकली. फोनवर तू म्हणालीस, मी येणं बरं नव्हे. तिनं फोन खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. त्या दुपारी तिच्या पलंगाशी बसून मी तिला सगळं सांगितलं. डोरीन, ते इस्त्रीचं टेबल, चिखल, कडा, काकांचा प्रश्न. संपल्यावर ती म्हणाली, "वाट माझ्या घरामागून जाते, क्लेम. एप्रिलमध्ये तिच्यावर तुझं एकही पाऊल उमटलं नव्हतं. मला तेव्हाच माहीत होतं." मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, "ईनॉक गेला होता. तुझं नाव घेतलं असतं तर तू नदीत उडी घेतली असतीस. तू लहानपणापासून कच्चा. फिलो घट्ट होती. मला वाटलं, ती सोसेल, वर्षभरात विसरेल. ती गेली ती आलीच नाही. मग मी काय बोलणार होते? तुझ्या आईला शब्द दिला होता, तुला सांभाळीन म्हणून. एकाला धरलं आणि दुसरी हातातनं सुटली." मी तिचे पाय धरले. तिनं सोडवून घेतले. "हे तिला लिही. माझंही लिही, लपवू नकोस. आई चांगली होती असं मागे ठेवून मला जायचं नाही." चौथ्या दिवशी ती गेली. हा शेवटचा भाग लिहू नये असं मला फार वाटलं, कारण यानं तुझी आईही मी तुझ्याकडून काढून घेतोय. पण काय सांगायचं आणि काय नाही, हे ठरवण्याचा अधिकार मी फार वर्षं वापरला.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू लिहिलंस, आईच्या थडग्याच्या दगडावर मुलांची नावं कोराल तेव्हा माझं घालू नका, तिची जागा बाबांच्या शेजारी आहे आणि ज्या मुलीमुळे ते गेले तिचं नाव तिथे शोभणार नाही. तुझ्या अक्षरात ती ओळ जराही थरथरलेली नाही, अडतीस वर्षं मनात घोकल्यासारखी सरळ आहे. म्हणून हे पत्र. दगड कोरणारा पुढच्या सोमवारी नावं न्यायला येतोय आणि मी त्याला तुझं नाव देणार आहे, पूर्ण, पहिलं. त्याच्याखाली एका नावापुरती जागा रिकामी सोडायला सांगणार आहे. तिथे माझं नाव यावं की नाही, ते तू सांगशील तसं. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी दगड उभा करायचा आहे, सगळी माणसं जमतील. जेवणाआधी मी उभा राहून हेच सगळ्यांना सांगणार आहे, तू आलीस तरी आणि नाही आलीस तरी. पण त्या सगळ्यांच्या आधी ते तुझ्या कानावर जायला हवं होतं. तू तुझ्या बाबांना मारलं नाहीस, फिलो. तू त्यांना नाश्ता करून दिलास आणि तो त्यांना फार आवडला.

तुझाच, आणि हा शब्द खोडावासा वाटला तर खोड,

क्लेम